‘तिनेच काळजी घ्यायला हवी होती’: बलात्कार टाळण्याच्या सल्ल्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र जवळ आलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी न चुकता येतो. ‘मुलींनो, लक्षात ठेवा’ असं वर ठळक, आणि खाली दहा-बारा सूचना. गरब्याला घोळक्याने जा, पाठ झाकणारी चोळी घाला, कोणी दिलेलं सरबत पिऊ नका, अकराच्या आत घरी या. पाठवणारे काका मनाने चांगले आहेत. हा मेसेज त्यांनी स्वतःच्या मुलाला पाठवला का, असं मी एकदा विचारलं, तर ते हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

मुंबईतल्या महिला मंडळांत, कॉलेजांत आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये या विषयावर बोलायला मी जाते. चहा येईपर्यंत सगळे गप्प असतात आणि चहानंतर तेच प्रश्न फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

‘काळजी घे’ म्हणण्यात चूक काय? आपण घराला कुलूप लावतोच ना?

कुलूप जरूर लावावं. पण घर फुटलं तर काय होतं ते आठवा. शेजारी हळहळतात, कोणी ‘लॅच साधंच होतं वाटतं’ असं पुटपुटतंही. तरी चोराला सोडून द्या असं कोणी म्हणत नाही. चोरी झाली हे पोलिसांना सांगायला घरमालकाला लाज वाटत नाही, आणि त्या घराशी सोयरीक करायला कोणी कचरत नाही. बलात्कारात या तिन्ही बाबतींत उलटंच घडतं. तेव्हा कुलपाचा दाखला द्यायचाच तर पुरता द्यावा.

शिवाय कुलूप असतं बाहेरच्यासाठी. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याचं काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं एकच सांगतात: नोंदल्या गेलेल्या बलात्कारांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचे असतात. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं वचन दिलेला, कामावरचा साहेब. आपल्या सूचनांच्या यादीत यांच्यापैकी कोण असतं? अंधाऱ्या बोळातला अनोळखी माणूस तेवढा असतो.

माझा खरा आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. घरात घातलेला प्रत्येक नियम पुढे मुलीच्या तोंडाला लागलेलं कुलूप होतो. समजा, क्लासला जाते सांगून एखादी मुलगी मित्राबरोबर बँडस्टँडला गेली आणि तिथे त्याने जबरदस्ती केली. घरी येताना ती बसमध्ये काय हिशेब करत असेल? आपण खोटं बोललो. मुलाबरोबर गेलो. फोन बंद ठेवला. तीन नियम मोडले. आता सांगायचं तर आधी या तिन्हींचा जबाब द्यावा लागणार. म्हणून ती सांगत नाही. करणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. ‘घरी सांगशील तर तुलाच विचारतील, तू इथे काय करत होतीस’ ही धमकी त्याला स्वतःला रचावी लागत नाही. ते वाक्य आपण तिला लहानपणापासून ऐकवत आलेलो असतो.

पण कपड्यांचा काहीतरी संबंध असेलच ना?

नाही. नऊवारीतल्या आजीवर, शाळेच्या गणवेशातल्या मुलीवर आणि बुरख्यातल्या बाईवर बलात्कार झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. या प्रश्नाला यापेक्षा जास्त जागा द्यावी असं मला वाटत नाही.

मुली रात्री उशिरा बाहेर राहिल्या नाहीत, तर धोका कमी होणार नाही का?

मुंबईत अवेळी घराबाहेर कोण असतं ते आधी बघू. पहाटे ससून डॉकवर मासळी घ्यायला निघालेल्या कोळणी. भल्या पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या सफाई कामगार बाया. रात्रपाळीच्या परिचारिका, विमानतळावरच्या मुली, हॉटेलच्या किचनमधून सुटून शेवटची विरार पकडायला पळणाऱ्या बायका. यांना ‘उशीर करू नका’ म्हणणं म्हणजे ‘नोकरी सोडा’ म्हणणं. आपल्या राज्याने तरी तसं म्हटलेलं नाही. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीने कामावर ठेवता येतं, पण तिची सुरक्षा आणि घरापर्यंतच्या वाहनाची सोय मालकाने पाहायची. सल्ला असावा तर असा. तो तिला दिलेला नाही, मालकाला दिलेला आहे, आणि मोडला तर जाब त्यानेच द्यायचा आहे.

आता घड्याळाकडे बघा. २०१३ च्या ऑगस्टमध्ये महालक्ष्मीच्या शक्ती मिलमध्ये सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा ती छायाचित्रकार तरुणी ऑफिसच्या कामासाठी गेली होती. वेळ संध्याकाळची होती आणि सोबत पुरुष सहकारी होता. ‘एकटी जाऊ नको’ हा नियम तिने पाळलाच होता. २००५ साली मरीन ड्राइव्हला कॉलेजच्या मुलीवर बलात्कार झाला तो दिवसाढवळ्या, पोलीस चौकीत, आणि करणारा होता पोलीस. संकटात पोलिसांकडे जा, हा तर प्रत्येक यादीतला पहिला सल्ला! त्यानंतरही शहरात चर्चा कशावर घसरली? मुलींच्या कपड्यांवर.

टाळी एका हाताने वाजत नाही. ती स्वतःच त्याच्याबरोबर गेली होती ना?

टाळीला दोन हात लागतात. थोबाडीत मारायला एकच पुरतो.

कायद्याचं म्हणणं साधं आहे. त्या विशिष्ट कृतीला तिने शब्दाने, खुणेने किंवा अन्य प्रकारे दिलेला निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार म्हणजे संमती. चहाला हो म्हटलं, सिनेमाला हो म्हटलं, लोणावळ्याच्या खोलीपर्यंत हो म्हटलं, तरी पुढच्या गोष्टीचा होकार त्यात आपोआप येत नाही. आदल्या आठवड्यात हो म्हटलं असेल तरी नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या होकाराला तर कायदा संमती मानतच नाही.

मग तिने आरडाओरडा का केला नाही? अंगावर साधा ओरखडाही नव्हता म्हणे.

या प्रश्नाला महाराष्ट्रात फार जुना आणि फार कडू इतिहास आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. मथुरा प्रकरण म्हणतात ते हेच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं होतं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. कारणांत एक होतं की तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नसावा. ठाण्याचं दार आतून बंद, बाहेर तिचे नातेवाईक ताटकळत, आत वर्दीतला माणूस. अशा वेळी त्या पोरीने किती ओरडायला हवं होतं, हे कोणी सांगितलं नाही.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यात फरक आहे, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा होता. पाठोपाठ १९८० मध्ये मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभं राहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं तर न्यायालयाने आधी तेच गृहीत धरायचं, अशी तरतूद आली. तरी शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असं होत नाही, हे वाक्य थेट कायद्यात यायला २०१३ उजाडलं.

आणि ओरडण्याविषयी एवढंच. कधी भरधाव ट्रक अंगावर येताना पाय जागीच खिळलेले अनुभवले आहेत? भीतीने शरीर लढतं, पळतं किंवा थिजतं. यातलं काय होणार, हे आपण ठरवत नाही. थिजलेल्या बाईला नंतर वर्षानुवर्षं स्वतःचाच राग येत राहतो. त्यात आपली भर नको.

‘बलात्कार’ हा शब्द उच्चारायलाही कसंतरी होतं. दुसरा सौम्य शब्द वापरला तर काय बिघडतं?

सौम्य शब्दांची आपल्याकडे कमतरता नाही, पण जरा त्यांच्या पोटात शिरून पाहा. ‘अतिप्रसंग’ म्हणजे जणू प्रसंग ठीकच होता, थोडा अति झाला. ‘छेडछाड’ म्हणजे खेळ. ‘विनयभंग’ हा तर खुद्द कायद्याचा मराठी शब्द. मोडला कोणाचा विनय, तर तिचा. उद्धटपणा त्याने केला, तरी ‘विनय’ तिच्याच खात्यात. ‘अब्रू लुटली’ म्हटलं की लुटणारा मोकळा होतो आणि लुटली गेलेली कायमची कंगाल ठरते. माझी आजी म्हणायची, बाईची अब्रू काचेचं भांडं. लहानपणी मला ते फार भारदस्त वाटायचं. भांडं फोडणाऱ्याचं नाव त्या म्हणीत कुठेच नाही, हे कळायला चाळिशी आली.

‘बलात्कार झाला’ आणि ‘बलात्कार केला’ यातही अंतर आहे. कोणी म्हणेल, आपण ‘खून झाला’ असंही म्हणतोच की. म्हणतो. पण खून झाला म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो ‘कोणी केला?’ इथे येतो ‘कोणाची मुलगी?’

अब्रूच्या या कल्पनेची किंमत याच शहराने पाहिली आहे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये कामाच्याच ठिकाणी, कपडे बदलायला गेल्या असताना हल्ला झाला. हल्लेखोराला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. अरुणा त्याच रुग्णालयात मे २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, अंथरुणाला खिळून होत्या.

मग मुलीला काहीच सांगायचं नाही का?

सांगा की. मीही माझ्या भाचीला सांगते: फोन चार्ज ठेव, रिक्षाचा नंबर पाठव, लेडीज डबा रिकामा दिसला तर पुढच्या डब्यात जा. शहरात राहण्याची ही अक्कल आहे आणि ती मुलालाही तितकीच लागते. दोन पथ्यं मात्र पाळते.

एक म्हणजे, प्रत्येक सूचनेनंतर तिला हेही ऐकवते, ‘आणि यातलं काहीही केलं नाहीस तरी जे घडेल ती तुझी चूक नसेल. आधी मला फोन करायचा. दारू प्यायली असलीस, खोटं बोलून गेली असलीस, तरी.’ पहिल्यांदा ती म्हणाली, मावशी किती वेळा तेच! मी म्हटलं, नियम दहा हजार वेळा ऐकलेस ना, मग हेही ऐक.

दुसरं पथ्य वेळेचं. सल्ला आधीच देता येतो. घटना घडल्यावर तेच वाक्य निकालपत्र होतं. ‘मी तुला सांगितलं होतं’ हे चार शब्द त्या दिवसापुरते तरी गिळायचे.

कराटे शिकवावं का?

तिला आवडत असेल तर जरूर. आत्मविश्वास येतो, भूक चांगली लागते. पण ओळखीच्या काकाच्या पोटात लाथ घालायला कराटेपेक्षा ‘काका असले तरी नाही म्हणायचं’ ही घरातली परवानगी आधी लागते. पापा द्यायचा नसेल तर देऊ नको, हे चार वर्षांच्या मुलीला सांगणारं घर तिला बरंच काही शिकवून गेलेलं असतं.

मुलाला काय सांगायचं? आमचा मुलगा तसा नाही.

नसेलच. तरी त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर कोणाचा तरी फोटो फिरतो, त्याला तो हसतो की ‘डिलीट कर’ म्हणतो, एवढं माहीत आहे का? ‘मुलींना नाही म्हणायची सवयच असते, मागे लागावं लागतं’ हे त्याने कुठून उचललं? बरेचदा सिनेमातून, बरेचदा आपल्याच गप्पांतून. त्याला सांगा की नाही म्हणजे नाही, गप्प राहणं म्हणजे हो नव्हे, आणि नशेत असलेल्या मुलीला विचारायचंसुद्धा नाही, घरी पोचवायचं. हे बापाने सांगितलं तर जास्त पोचतं, असा माझा अनुभव आहे. आया सांगतात, बाप पेपर वाचत बसतात.

आमच्या सोसायटीत, कॉलेजात सूचनांचा बोर्ड लावायचा आहे. काय लिहू?

लिहून झाल्यावर बघा, प्रत्येक वाक्यात कामाला कोणाला लावलं आहे. एका उपनगरातल्या सोसायटीच्या फलकावर होतं, ‘महिलांनी रात्री दहानंतर जिन्यात थांबू नये.’ आम्ही बसून ते बदललं: ‘जिन्यातले दिवे रात्रभर सुरू राहतील. बंद दिसल्यास सेक्रेटरींना कळवा. कोणी कोणाला त्रास देताना दिसल्यास वॉचमनने ताबडतोब ११२ किंवा १०३ वर फोन करायचा आहे.’ सेक्रेटरी कुरकुरले, कारण आता काम त्यांच्यावर आलं होतं.

रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर पालिकेच्या १९१६ वर तक्रार करता येते. लोकलमध्ये किंवा फलाटावर रेल्वे पोलिसांचा १५१२ आहे. कामाच्या ठिकाणी दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कॉलेजांनाही ते चुकलेलं नाही. फलकावर त्या समितीतल्यांची नावं आणि फोन लिहा. ओढणीविषयी लिहू नका.

खोट्या तक्रारीही असतात, त्याचं काय?

असतात. प्रत्येक गुन्ह्याच्या असतात. त्या शोधायला तपास आहे, वैद्यकीय पुरावा आहे, उलटतपासणी आहे. ‘तू तिथे का गेलीस’ या प्रश्नाने खरं-खोटं काहीच कळत नाही. खोटं बोलणारीही त्याचं उत्तर देईल आणि खरं बोलणारी रडेल. बहिणीने किंवा मैत्रिणीने सांगितलं तर तुम्हाला न्यायाधीश व्हायचं नाही. पाणी द्यायचं, जवळ बसायचं.

पोलीस आणि कोर्ट तरी तिच्या चारित्र्यावरच घसरतात ना?

घसरायचे, आणि तेही कायद्याच्या आधाराने. ‘ही स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक वर्तनाची आहे’ असं दाखवून तिची साक्ष मोडण्याची मुभा जुन्या पुरावा कायद्यात होती. ती २००२ च्या दुरुस्तीने काढली. तिचे आधीचे शरीरसंबंध संमतीच्या प्रश्नात गैरलागू आहेत, हे २०१३ मध्ये कायद्यात लिहिलं गेलं आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. तिला शरीरसंबंधांची ‘सवय’ आहे का हे ठरवणारी दोन बोटांची तथाकथित तपासणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावलं. एका आरोपीला तक्रारदार स्त्रीकडून राखी बांधून घेण्याच्या अटीवर जामीन मिळाला होता. ती अट मार्च २०२१ मध्ये रद्द करताना, स्त्रीचे कपडे, वागणं, ‘पूर्वचारित्र्य’ यांवर न्यायाधीशांनी शेरे मारू नयेत, असंही याच न्यायालयाने सांगितलं.

कागदावर आलं ते सगळं ठाण्यातल्या टेबलापर्यंत पोचलंय असं नाही. पण तिथे कोणी ‘एवढ्या रात्री कशाला गेलीस’ म्हटलं, तर हा प्रश्न कायद्याला नको आहे, एवढं ठाऊक असलं तरी पाठ ताठ राहते.

घडलंच तर आधी काय करायचं?

तिला जे हवं ते. बहुतेक वेळा आधी दवाखाना. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार आणि उपचार देणं बंधनकारक आहे. ‘आधी एफआयआर आणा’ असं म्हणता येत नाही. गर्भधारणा टाळण्याची गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ करू नये, कपडे धुवू नयेत, ते कागदी पिशवीत ठेवावेत. अंघोळ झाली असेल तरी जावं, त्यावरूनही कोणी रागावू नये. तपासणी तिच्या संमतीनेच होते. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण सज्ञान स्त्रीने तक्रार द्यायची की नाही ते तिचं तिने ठरवायचं. अठरा वर्षांखालच्या मुला-मुलींच्या बाबतीत मात्र पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, कळवणं सक्तीचं आहे.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना वसईला घडली आणि तुम्ही दादरला असाल तरी दादरला. नोंद महिला अधिकाऱ्याने घ्यायची, प्रत मोफत मिळते, जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे घेता येतो. नोंद करायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षेची तरतूद आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० सालापासून ‘दिलासा’ केंद्र आहे, पुढे पालिकेच्या इतर काही रुग्णालयांतही ती सुरू झाली. तिथे समुपदेशक भेटतात. राज्याच्या ‘मनोधैर्य’ योजनेतून अर्थसहाय्यही मिळू शकतं.

नाव बाहेर फुटलं तर?

तिची ओळख उघड होईल असं काहीही छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा. सोसायटीच्या ग्रुपवर ‘ती बी विंगमधली’ असं टाकणाऱ्यांनीही हे वाचून ठेवावं.

नवऱ्यानेच केलं तर? किंवा पुरुषावर झालं तर?

पत्नी अठरा वर्षांहून मोठी असेल, तर नवऱ्याच्या जबरदस्तीला आपला कायदा अजून बलात्कार म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली मात्र तिला दाद मागता येते. अठरा वर्षांखालच्या मुलग्यांना पोक्सोचं संरक्षण आहे. सज्ञान पुरुषासाठी न्याय संहितेत बलात्काराचं कलम नाही. कायद्यात बसत नाही म्हणून ते घडलं नाही असं होत नाही, आणि ‘पुरुष असून कसं काय’ हा प्रश्नही ‘तू तिथे का गेलीस’चाच भाऊ आहे.

माझ्या मुलीने काही वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी तेव्हा नको ते बोललो. आता काय करू?

हा प्रश्न भांडुपला एका गृहस्थांनी विचारला होता. हॉल रिकामा झाल्यावर, खुर्च्या रचता रचता. मुलीचं लग्न झालंय, पनवेलला असते, दर रविवारी फोन करते, त्या विषयावर पुन्हा कधी बोललेली नाही. मी त्यांना म्हटलं, फोनवर नको, जाऊन या. कारणं देऊ नका, तेव्हा काळजीपोटी बोललो असंही म्हणू नका. ‘मी तुला चुकीचं विचारलं होतं, चूक तुझी नव्हती,’ एवढंच सांगा आणि ती जे बोलेल ते ऐका. नाही बोलली तरी बसा.

त्यांनी शेवटची खुर्ची रचली आणि विचारलं, रविवारी पनवेल लोकलला मेगाब्लॉक असतो का हो?